वसंत, विसावा आणि मान : वार्षिक उत्सवांच्या मराठी मांडणीची चिकित्सा
(कोळवण-मुळशी परिसराच्या संदर्भात)

बीजशब्द : वसंतोत्सव, होळी, गुढीपाडवा, गावयात्रा, मावळ, भातशेती, मानपान

प्रास्ताविक

सणांविषयी मराठी अभ्यासकांनी केलेल्या लेखनाची परंपरा समृद्ध आहे. 'ऋग्वेदी' या टोपणनावाने वामन मंगेश दुभाषी यांनी लिहिलेला 'आर्यांच्या सणांचा प्राचीन व अर्वाचीन इतिहास', पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इंग्रजी इतिहासातील व्रते व उत्सव यांचा विचार करणारा १९५८ चा खंड, आणि महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेला दहा खंडांचा 'भारतीय संस्कृतिकोश' ही या परंपरेतील ठळक कामे होत. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या ललित ग्रंथाने ऋतूंकडे पाहण्याची मराठी वाचकाची दृष्टीच घडविली. या लेखनाने सणाची तिथी, त्याची कथा, त्याचा विधी आणि त्यामागील निसर्ग या चार अंगांची साक्षेपाने नोंद केली. मात्र सण ज्या काळात येतो त्या काळात सण करणारा माणूस कोणत्या कामातून मोकळा झालेला असतो, कोणत्या कामाच्या उंबरठ्यावर उभा असतो आणि त्या उत्सवात त्याला कोणते स्थान मिळते, हा प्रश्न बहुतांशी परिघावरच राहिला.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने वसंतकालीन सणांच्या प्रचलित मांडणीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील कोळवण हा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. वाळकी नदीच्या खोऱ्यातील हे गाव भातशेतीच्या मावळपट्ट्यात येते. खोऱ्याच्या उत्तरेकडे तिकोन्याचा किल्ला आहे. याच तालुक्यात एका बाजूला धरणाखाली गेलेली गावे आहेत, तर दुसऱ्या बाजूला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे. त्यामुळे वर्षाची मोजणी करण्याच्या अनेक पद्धती येथे एकाच वेळी नांदताना दिसतात. लेखाचे प्रतिपादन असे की, मावळातील वसंतोत्सव हा मुख्यतः सृष्टीच्या पुनर्जन्माचा उत्सव नाही. तो पावसाळ्यापूर्वीच्या विसाव्याचा उत्सव आहे, आणि त्या विसाव्यात गाव आपल्या घटकांचे मान नव्याने ठरविते किंवा जुनेच पक्के करते.

होलाकाधिकरण : एक जुना प्रश्न

स्थानिक सणाला सार्वत्रिक अर्थ द्यावा की त्याचे स्थानिकत्व जपावे, हा वाद आधुनिक मानववंशशास्त्राने प्रथम उपस्थित केला असे मानण्याचे कारण नाही. जैमिनीच्या पूर्वमीमांसासूत्रांतील पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात 'होलाकाधिकरण' येते. शबराने आपल्या भाष्यात तेथे जी उदाहरणे दिली आहेत त्यांत पूर्वेकडील लोकांची होलाका, दाक्षिणात्यांचे आह्नीनैबुक आणि उत्तरेकडील लोकांचा उद्वृषभयज्ञ यांचा समावेश आहे. एखादा आचार विशिष्ट प्रदेशातील लोकच पाळत असतील तर तो त्यांच्यापुरताच प्रमाण मानावा काय, असा तेथील पूर्वपक्ष आहे. सिद्धान्त मात्र उलट दिशेने जातो. असा आचार प्रमाण मानायचा तर त्याच्या मुळाशी श्रुतिवचन गृहीत धरावे लागते, आणि श्रुतीची आज्ञा प्रदेशाने बांधलेली नसते; म्हणून तो आचार सर्वांनाच लागू होतो, असा निर्णय मीमांसकांनी दिला.

हा निर्णय मीमांसेच्या चौकटीत सुसंगत आहे. तथापि त्यात एक किंमत मोजावी लागते. आचार सर्वांचा ठरला की तो मुळात कोणाचा, कोणत्या भूमीतला आणि कशासाठी होता, हे विचारण्याची गरज उरत नाही. विसाव्या शतकातील सणविषयक मांडणीने मीमांसेचा आधार न घेताही बव्हंशी हाच मार्ग पत्करला. होळी म्हटली की होलिका-प्रल्हादाची किंवा ढुंढा राक्षसीची कथा, गुढीपाडवा म्हटला की शालिवाहन शकाचा आरंभ किंवा रामाचे अयोध्येस पुनरागमन, अशी उत्तरे ठरून गेली. मॅकिम मॅरियट यांनी १९५५ साली लहान परंपरा व मोठी परंपरा यांच्यातील देवाणघेवाणीसाठी 'सार्वत्रिकीकरण' आणि 'स्थानिकीकरण' अशा दोन संज्ञा सुचविल्या. त्यांच्या भाषेत बोलायचे तर मराठी मांडणीने पहिली प्रक्रिया तपशिलाने टिपली, दुसरीकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले.

महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' (१८७३) हे या बाबतीत महत्त्वाचा अपवाद ठरते. नृसिंह, हिरण्यकश्यपू आणि प्रल्हाद यांची कथा त्यांनी जेत्यांनी जितांविषयी रचलेली कथा म्हणून वाचली. त्यांच्या ऐतिहासिक अनुमानांबद्दल मतभेद संभवतात. पण सणाची कथा कोणाच्या बाजूने सांगितली जाते, हा त्यांचा प्रश्न आजही टाळता येत नाही.

वसंत कोणाचा?

'ऋतुचक्र' हा ग्रंथ चैत्रापासून आरंभ करून फाल्गुनात संपतो. झाडांची पालवी, फुलोरा, पक्षी, आकाशाचे रंग यांचे इतके सूक्ष्म आणि संयत निरीक्षण मराठी गद्यात दुर्मीळ आहे. विशेष म्हणजे भागवतांचा वसंत हा संस्कृत काव्यातून उसना घेतलेला वसंत नाही. तो प्रत्यक्ष पाहिलेला आहे. सह्याद्रीत फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, आंब्याला फळ धरते, करवंदीच्या जाळ्या भरू लागतात. हे सारे कोळवणच्या डोंगरउतारांवरही पाहता येते.

तथापि त्याच काळात याच डोंगरांवरील गवत वाळून पिवळे पडलेले असते, ओढे आटलेले असतात, भाताची खाचरे भेगाळलेली असतात. म्हणजे झाडांचा वसंत आणि शेताचा वसंत एक नाही. युरोपात हिमकाळ संपल्यावर जमीन उघडी पडते आणि झाड, गवत, शेत व गुरे यांना एकाच वेळी नवजीवन लाभते. जेम्स फ्रेझर यांच्या 'द गोल्डन बाव' (पहिली आवृत्ती १८९०) या ग्रंथाने वनस्पतिदेवतेचे मरण व पुनरुत्थान ही जी उपपत्ती प्रचलित केली, तिच्या मुळाशी हा अनुभव आहे. उत्तर युरोपातील वासंतिक अग्न्युत्सवांवरून होळीचा अर्थ लावणाऱ्या विवेचनांनी ती उपपत्ती येथे आणली. पण मावळात भूमीचा पुनर्जन्म चैत्रात होत नाही, तो मृगानंतर होतो. पहिल्या पावसानंतर चार-आठ दिवसांत डोंगर हिरवे होतात. पुनर्जन्माचाच उत्सव करायचा तर तो ज्येष्ठ-आषाढात व्हावयास हवा. त्या महिन्यांत मात्र येथे पेरणी, चिखलणी आणि लावणी यांतून कोणालाही उसंत नसते.

कालगणनेचा विचार केला तरी हाच भेद स्पष्ट होतो. सण चांद्रतिथीने ठरतात. शेतीची कामे रोहिणी, मृग, आर्द्रा या सूर्यनक्षत्रांनी ठरतात. मृग नक्षत्र दरवर्षी जूनच्या ७-८ तारखेच्या सुमारास लागते. पाडवा मात्र मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मागेपुढे होतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या भारतीय राष्ट्रीय पंचांगाने चैत्राचा आरंभ वसंतसंपाताशी जोडला. ऋतू आणि महिना यांचा मेळ घालण्याचा तो शास्त्रशुद्ध प्रयत्न होता. शासकीय पत्रव्यवहारात ते पंचांग आले. सण मात्र जुन्या तिथींनाच राहिले. दोन वर्षगणना शेजारी शेजारी चालविण्याची सवय शेतकऱ्याला आधीपासूनच होती. साहा समितीने त्यांत तिसरीची भर घातली, एवढेच.

विसाव्याचे वेळापत्रक

मावळातील भातशेतीचे वर्ष साधारणतः पुढीलप्रमाणे उलगडते. आश्विन-कार्तिकात कापणी, त्यानंतर झोडणी व मळणी. उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा, मसूर यांसारखी कडधान्ये. फाल्गुनापर्यंत हेही पीक घरात येते. त्यानंतर मृगापर्यंतचा काळ तुलनेने मोकळा. या काळात राब भाजला जातो, घराची डागडुजी व शाकारणी होते, पावसाळ्यासाठी सरपण साठविले जाते, लग्ने उरकली जातात आणि गावोगावच्या यात्रा भरतात. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे सण या मोकळ्या काळाच्या आत बसतात.

राबाचा येथे विशेष विचार करावयास हवा. भाताचे रोप ज्या वाफ्यात तयार करायचे त्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या व गवत यांचे थर रचून ते पेटविले जातात. त्यामुळे तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. होळीसाठी गोळा होणारी लाकडे, गोवऱ्या, पाला आणि राबासाठी लागणारे साहित्य हे एकाच रानातून, एकाच हंगामात येते. होळीचा उगम राबात आहे असे अनुमान येथे काढावयाचे नाही. तसा पुरावा नाही, आणि जेथे राब भाजत नाहीत तेथेही होळी पेटते. तरीही राब भाजणाऱ्या शेतकऱ्याच्या हातून पेटलेल्या होळीला पुढील पेरणीच्या तयारीचा संदर्भ असतो, हे नाकारता येत नाही. सणाची कथा सांगणारे ग्रंथ या दोन अग्नींचा विचार वेगवेगळ्या प्रकरणांत, किंबहुना वेगवेगळ्या शास्त्रांत करतात. खाचराच्या बांधावर ते दोन्ही एकाच माणसाच्या हातात असतात.

पाडव्याचेही तसेच आहे. महाराष्ट्राच्या अनेक भागांत सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते आणि पाडव्यालाच संपते. मजुरीचा करार, आगाऊ उचल, धान्याचा वाटा यांचा हिशेब त्या दिवशी होतो. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि यात्राकमिट्यांचे कारभारी तेथे येऊन सुपाऱ्या ठरवितात. गुढी, कडुनिंब आणि पंचांगवाचन यांइतकाच हा करारही पाडव्याचा भाग होय. 'नववर्ष' या शब्दाला कष्टकऱ्याच्या जीवनात जो रोकडा अर्थ आहे तो येथे आढळतो. तरीही पाडव्यावरील लेखनात साडेतीन मुहूर्तांना जेवढी जागा मिळते, तेवढी सालगड्याला मिळत नाही.

गावयात्रेबाबत ही उपेक्षा अधिकच जाणवते. भैरवनाथ, वाघजाई, म्हसोबा यांच्या यात्रा म्हणजे मावळातील गावाचा खरा वार्षिक उत्सव. पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा, रात्रीचा तमाशा, घरटी वर्गणी, माहेरी आलेल्या लेकी आणि मुंबई-पुण्याहून रजा काढून आलेले चाकरमानी ही त्याची सर्वपरिचित अंगे. कार्ल्याच्या एकवीरेची चैत्री यात्रा, शिखर शिंगणापूरला जाणाऱ्या कावडी, जोतिबाची चैत्री पौर्णिमा, वाई तालुक्यातील बावधनचे रंगपंचमीचे बगाड या मोठ्या यात्रांवर लेखन झाले आहे. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी लोकदेवतांच्या अभ्यासाला भक्कम पाया दिला. तथापि ते अध्ययन दैवतकेंद्री आहे. ज्या गावाचे दैवत प्रसिद्ध नाही, त्या गावाची यात्रा सणांच्या ग्रंथात 'सण' म्हणून येत नाही आणि दैवतांच्या ग्रंथात 'क्षेत्र' म्हणूनही येत नाही.

तुलनेचा अक्ष

वसंतोत्सवांची आंतरसांस्कृतिक तुलना करताना सामान्यतः नवरोज, ईस्टर आणि होळी-पाडवा यांची नावे एकत्र घेतली जातात. ही तुलना निरर्थक नाही. पण तिचा अक्ष तपासून घ्यावा लागतो. नवरोज वसंतसंपाताला बांधलेला आहे. पारशी समाजाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. शहेनशाही गणनेत अधिक मास धरण्याची प्रथा खंडित झाल्याने तिचे नववर्ष सरकत सरकत ऑगस्टमध्ये आले, तर जमशेदी नवरोज २१ मार्चलाच राहिला. म्हणजे एकच समाज ऋतूचे नववर्ष आणि गणनेचे नववर्ष अशी दोन नववर्षे पाळतो. ईस्टरची तारीख वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी येते. त्यापूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि त्याच्याही आधी कार्निव्हल. गोव्यात कार्निव्हल म्हणजे इंत्रुज आणि शिगमो हे दोन्ही उत्सव एका भूमीवर थोड्याच अंतराने येतात. मिरवणुका, सोंगे, नाच यांमुळे ते सारखे भासतात. पण इंत्रुज हा येऊ घातलेल्या संयमाच्या आधीचा मुक्त काळ आहे, तर शिगमोमागे असा उपवासकाळ नाही. त्याच्या पुढे आहेत ते उन्हाळा आणि पेरणी. बाह्य साम्यावरून अर्थाचे साम्य गृहीत धरण्यातील धोका येथे स्पष्ट होतो.

मावळाच्या सणांना खरे नातेवाईक शोधायचे तर ते मोसमी पावसावर भात पिकविणाऱ्या प्रदेशांत शोधावेत. थायलंडमधील सोंगक्रान हा उत्सव १३ ते १५ एप्रिल या काळात होतो. त्याचे नाव 'संक्रांती' या शब्दावरून आले आहे. ऐन कोरड्या, कडक उन्हाळ्यात, भातलावणीपूर्वी माणसे घरी परततात, वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी ओततात आणि परस्परांना भिजवितात. २०२३ साली युनेस्कोने त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. आसाममधील रोंगाली बिहू याच सुमारास येतो व त्याचा आरंभ गुरांना आंघोळ घालण्याने होतो. पुढच्या नांगरणीची ती पूर्वतयारीच होय. महाराष्ट्रात बैलांचा सण, पोळा किंवा बेंदूर, पावसाळ्यात येतो, म्हणजे राबणुकीच्या आधी नव्हे तर राबणूक झाल्यावर किंवा चालू असताना. या भेदाचाही अभ्यास व्हावयास हवा. एवढे मात्र म्हणता येईल की पाणी सर्वांत दुर्मीळ असते त्याच काळात पाण्याचा खेळ खेळणे, दूर गेलेल्यांनी गावी परतणे आणि श्रमापूर्वी विश्रांती घेणे या तीन गोष्टी सोंगक्रान, बिहू आणि मावळातील शिमगा-यात्रा यांच्या मांडणीत कमीअधिक प्रमाणात एकत्र येतात. ईस्टरशी केलेल्या तुलनेतून हे हाती लागत नाही.

शिमग्याची लाज

शिमग्यातील बोंब, शिव्या व सोंगे यांविषयी सुशिक्षित मराठी समाजाला एकोणिसाव्या शतकापासून संकोच वाटत आला आहे. 'शिमगा' हा शब्दच भाषेत आरडाओरडीचा वाचक झाला. या अश्लीलतेचे स्पष्टीकरण देण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न येथे विचारात घेता येतील. दा. ध. कोसंबी यांच्या मते ती आदिम अन्नसंकलक अवस्थेचा अवशेष होय; अपुऱ्या अन्नावर, कष्टात जगणाऱ्या समूहाला प्रजननासाठी जी उत्तेजना आवश्यक होती तिचा हा विधी पुढे अर्थहीन होऊन उरला. होळीभोवती नाचणाऱ्यांत स्त्रीवेषधारी पुरुष असण्याची प्रथाही त्यांनी नोंदविली. मॅरियट यांनी १९६६ च्या आपल्या निबंधात उत्तर प्रदेशातील एका गावाच्या आधारे वेगळी उपपत्ती मांडली. एका दिवसापुरती उतरंड उलटी होते, स्त्रिया पुरुषांना बडवितात, धाकटे थोरांना चिखल फासतात, आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्था ताजीतवानी होऊन पूर्ववत चालू लागते.

दोन्ही उपपत्ती समर्थ आहेत. परंतु दोन्हींत एक उणीव राहते. कोसंबी सणाला भूतकाळाचा अवशेष ठरवितात, त्यामुळे आज तो करणाऱ्याचे प्रयोजन गौण होते. मॅरियट वर्तमानाकडे पाहतात, पण उतरंड सर्वांसाठीच उलटते असे गृहीत धरतात. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये संपादित केलेल्या हालाच्या 'गाथासप्तशती'त फाल्गुनोत्सवातील चिखलफेकीचे उल्लेख आहेत. तेथे चिखल हे प्रीतीचे निमित्त आहे. तोच चिखल गावाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या हातून पाटलाच्या अंगावर पडू शकत होता काय, हा प्रश्न विचारला की उलथापालथीच्या सिद्धान्ताची मर्यादा उघड होते.

मानाचा प्रश्न

महाराष्ट्रातील अनेक गावांत होळीचा विस्तव तत्कालीन महार समाजाच्या वस्तीतून आणण्याची रीत होती. गावच्या होळीतील पहिली पोळी पाटलाची, हलगी मांगाची, पूजा गुरवाची, अशी मानाची वाटणी ठरलेली असे. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्क-कर्तव्यांचा जो हिशेब मांडला, त्याची वार्षिक उजळणी सणाच्या दिवशी होत असे. म्हणूनच यात्रेत नारळ कोणाला आधी मिळाला, पालखीला खांदा कोणी दिला, यांवरून गावे भांडली आहेत. बाहेरच्याला क्षुल्लक वाटणाऱ्या या भांडणात घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची पत पणाला लागलेली असते. विस्तव ज्या वस्तीतून घ्यायचा त्याच वस्तीला अग्नीपासून दूर उभे करायचे, या व्यवस्थेत मान आणि अवमान एकाच विधीत गुंफलेले होते. मॅरियट यांना दिसलेली उलथापालथ या विधीत होत नाही. येथे उतरंड सणाच्या दिवशीही सरळच उभी असते.

या पार्श्वभूमीवर चैत्रातील तीन घटना एकत्र पाहणे अर्थपूर्ण ठरते. पहिली मुळशी तालुक्यातीलच आहे. टाटा कंपनीच्या मुळशी येथील धरणाविरुद्धचा सत्याग्रह रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ रोजी सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींच्या नेतृत्वाखालील या लढ्याचा सविस्तर अभ्यास राजेंद्र व्होरा यांनी केला आहे. पन्नासच्या आसपास गावांची जमीन धरणात जाणार होती. रामनवमीची निवड धार्मिक प्रतीकासाठी झाली, असे म्हणता येईल. पण मावळातील शेतकरी हजारोंनी घराबाहेर पडू शकतो असा काळ चैत्राचाच होता, ही गोष्टही विसरता येत नाही. लावणीच्या दिवसांत असा आरंभ कठीण होता. दुसरे असे की, जमीन गेली म्हणजे केवळ 'काळी' जात नाही. गावाची 'पांढरी' जाते. पांढरीबरोबर दैवताचे स्थान जाते आणि यात्रेतील घराघराचा मानही जातो. विस्थापनाच्या भरपाईत या हानीची मोजदाद होत नाही. कोळवणचे खोरे त्या जलाशयाखाली गेले नाही. परंतु एकाच तालुक्यात काही गावांना यात्रा उरली आणि काहींना ती उरली नाही, हा इतिहास वसंतोत्सवांच्या अभ्यासाबाहेर ठेवता येणार नाही.

दुसरी घटना नाशिकची. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षी चैत्रातील रथोत्सवाच्या वेळी संघर्ष झाला. रथाच्या दोराला कोणाचे हात लागावेत, हा तेथील वाद होता. वार्षिक उत्सवाचा अर्थ त्याच्या कथेवरून जितका कळतो, त्याहून अधिक तो त्या दोरावरून कळतो.

तिसरी घटना एका दिवसाची नसून एका नव्या सणाच्या उदयाची आहे. पुण्यात १४ एप्रिल १९२८ रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी डॉ. आंबेडकरांची जयंती सार्वजनिकरीत्या साजरी केली, तेथून या उत्सवाचा आरंभ मानला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध समाजाने गावकीची परंपरागत कामे आणि त्यांना चिकटलेले सणांतील 'मान' नाकारले. त्या नकारानंतर वर्षाचा मोठा उत्सव म्हणून १४ एप्रिल उभा राहिला. तो तिथीने नव्हे तर तारखेने येतो. त्याला पुराणकथेचा नव्हे तर इतिहासाचा आधार आहे. तरीही मिरवणूक, वर्गणी, नवे कपडे, दूर गेलेल्यांचे गावी परतणे ही वसंतकालीन उत्सवाची सारी अंगे त्यात आहेत. ज्या १९५६ साली 'ऋतुचक्र' आणि जोगळेकरांची 'गाथासप्तशती' प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी महाराष्ट्राच्या वार्षिक उत्सवांच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा बदल घडला. सणांवरील मराठी ग्रंथांत मात्र या जयंतीचा विचार 'सण' या सदराखाली अभावानेच आढळतो.

बदलते वर्ष

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीत सुरू झालेल्या पाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रांनी शहरी महाराष्ट्रात नवे रूप धारण केले. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये रूढ केलेली 'निर्मित परंपरा' ही संज्ञा येथे चपखल बसते. मात्र निर्मित म्हणजे खोटी, असा अर्थ घेणे योग्य नव्हे. प्रत्येक परंपरा केव्हातरी कोणीतरी निर्माण केलेली असते. पाहावयाचे ते एवढेच की नव्या मांडणीत कोण आत येते आणि कोण बाहेर राहते. घरच्या उंबऱ्यातील गुढी रस्त्यावर आली तेव्हा स्त्रियांना मिरवणुकीत नवी जागा मिळाली. सालगड्याचा पाडवा मात्र त्या मिरवणुकीतून दिसत नाही.

गावाकडील बदल निराळे आहेत. बैलगाडा शर्यती हे पुणे जिल्ह्यातील अनेक यात्रांचे मुख्य आकर्षण. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्यांवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. या दीर्घ वादात प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न आणि परंपरेचा प्रश्न समोरासमोर आले. शेतीची कामे यंत्राने होऊ लागल्यावर बैल नांगरापेक्षा घाटासाठीच अधिक पाळला जाऊ लागला, तर ती परंपरा शेतीची उरते की केवळ प्रतिष्ठेची, हा तिसरा प्रश्न त्या वादात मागे पडला.

मुळशीत आज भातशेतीच्या जोडीला फार्महाऊस, सुटीची घरे आणि पर्यटन आले आहे. कोळवण येथे चिन्मय मिशनचे 'चिन्मय विभूती' हे केंद्र असून तेथे देशभरातून साधक येतात. हिंजवडीत काम करणाऱ्याचा आठवडा शनिवार-रविवारी संपतो आणि त्याचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. हे पाडव्याच्या आसपास येणारे तिसरे 'नववर्ष' होय. विसावा आता हंगामाकडून रजेच्या अर्जाकडे गेला आहे. तथापि यात्रेला गावी जाण्यासाठी रजा मागणारा माणूस अजून आहे, आणि ती रजा तो देवदर्शनासाठी जितकी मागतो तितकीच गावात आपली जागा अजून आहे हे पाहण्यासाठी मागतो, असे म्हणावयास जागा आहे.

निष्कर्ष

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. सणाचा अर्थ श्रम आणि मान यांत शोधला की त्याची श्रद्धा, सौंदर्य आणि आनंद ही अंगे उणावतात, असे म्हटले जाईल. वस्तुतः विसावा ज्याने कष्टाने मिळविला आहे त्यालाच त्या आनंदाची खोली ठाऊक असते. भागवतांनी पाहिलेला पळस खोटा ठरत नाही. त्या पळसाखालून सरपणाची मोळी घेऊन जाणारी स्त्री त्याच चित्रात आणावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

तीन गोष्टी निष्कर्षरूपाने मांडता येतील. पहिली, मावळातील वसंतकालीन सणांचे वर्गीकरण केवळ तिथी व कथा यांनुसार न करता शेतीच्या कामांच्या क्रमानुसार केल्यास होळी, पाडवा आणि गावयात्रा हे एकाच विसाव्याचे टप्पे म्हणून समजतात. दुसरी, आंतरसांस्कृतिक तुलना करताना ऋतूच्या नावापेक्षा पाऊस आणि पीक यांचे साम्य अधिक भरवशाचे ठरते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वार्षिक उत्सवात कोणाला कोणता मान आहे आणि कोणी तो नाकारला आहे, याची नोंद केल्याखेरीज उत्सवाचे वर्णन पूर्ण होत नाही.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही यास महत्त्व आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात सण हा घटक बहुधा कथा-गीतांच्या संकलनाने आटोपतो. विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या यात्रेचा जमाखर्च, मानकऱ्यांची यादी, वर्गणी न देणाऱ्या वा ज्यांच्याकडून ती घेतलीच जात नाही अशा घरांची नोंद आणि यात्रेच्या दिवशी शेतात कोणते काम उरले आहे याची माहिती गोळा करावयास सांगितले, तर मराठीच्या, इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या आणि भूगोलाच्या प्राध्यापकांना एकत्र बसावे लागेल. होलाकाधिकरणातील पूर्वपक्षाने विचारलेला प्रश्न, हा आचार नेमका कोणाचा, मीमांसकांनी निकाली काढला असला तरी अभ्यासकांनी तो पुन्हा उघडणे आवश्यक आहे.